बरं होण्याची हमी आणि ख्रिस्ती आशा

घरात कॅन्सरचं निदान झालं की मंडळीतली, म्हणजे चर्चच्या समुदायातली, माणसं भेटायला येतात आणि तीन वाक्यांपैकी एखादं हमखास बोलून जातात. "विश्वास ठेवा, प्रभू पूर्ण बरं करणारच." "घरात काही अडथळा आहे का ते तपासा, पाप कबूल करा." "देवाची योजना असते, चांगल्यासाठीच झालं असेल." बोलणारे बहुधा प्रेमापोटीच बोलतात. तरीही ही वाक्यं शास्त्राच्या कसोटीला उतरत नाहीत आणि आजाऱ्याचं नुकसान करतात. पहिल्यामुळे उपचार अर्धवट सुटतात. दुसऱ्यामुळे आजारी माणूस रात्री जागून स्वतःचा गुन्हा शोधत बसतो. तिसऱ्यामुळे त्याला रडायचीही चोरी होते.

महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या मंडळ्यांनी, मग त्या वसईच्या कॅथोलिक पॅरिश असोत, अहमदनगरच्या जुन्या मिशनच्या मंडळ्या असोत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या स्वतंत्र प्रार्थनासभा, याविषयी स्पष्ट भूमिका घ्यायला हवी. बरं होण्याची हमी देणं थांबवावं. उपासनेत विलापाला हक्काची जागा द्यावी. आणि वेदना कमी करण्याचं काम डॉक्टरांवर सोपवून मोकळं न होता ते मंडळीच्या सेवेचाच भाग मानावं. ख्रिस्ती आशेचा खरा अर्थ कळलेल्या माणसाला हे करावंच लागेल, असं माझं म्हणणं आहे.

हमीचा प्रश्न आधी घेऊ, कारण सगळ्यात जास्त इजा तिथे होते. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला उपवास-प्रार्थनेला बसवलं आणि इन्सुलिनचा डोस तोच राहिला, तर दुपारपर्यंत साखर उतरते, घाम फुटतो, बोलणं अडखळतं, शुद्ध हरपते. आजूबाजूच्यांना तो आत्म्याचा स्पर्श वाटतो. फिटच्या गोळ्या "विश्वासाने" एकदम बंद केल्या की काही दिवसांत झटक्यामागून झटके येऊ शकतात, आणि न थांबणारा झटका मेंदूला कायमची इजा करतो, प्रसंगी जीव घेतो. क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, अंगावर मांस चढतं, सभेत सगळ्यांसमोर बरं झाल्याची साक्ष दिली जाते आणि गोळ्या सुटतात. मग उलटलेला क्षय औषधांना दाद देईलच असं नसतं. स्किझोफ्रेनियात ऐकू येणारे आवाज भूतबाधा समजून महिनोन्महिने "काढण्यात" घालवले, तर उपचाराला जितका उशीर तितकं सावरणं अवघड. यात जाणूनबुजून फसवणारे थोडे, मनापासून विश्वास ठेवणारे जास्त. म्हणून कायद्याने हा प्रश्न पुरता सुटत नाही. तो मंडळीच्या शिकवणीतूनच सुटायला हवा.

शिकवण काय सांगते? प्रेषित पौलाच्या हातून लोक बरे झाल्याच्या घटना बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहेत. त्याच पौलाने त्रफिम या सोबत्याला मिलेत शहरात आजारी अवस्थेत मागे ठेवलं, हे त्याने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरीस नोंदवलंय. तीमथ्याचं पोट वारंवार बिघडायचं. त्याला पौल थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, म्हणजे त्या काळचं औषध सुचवतो. एपफ्रदीत हा आणखी एक सहकारी मरणाच्या दारापर्यंत जाऊन आला, तेव्हा पौलाने "देवाने माझ्यावर दया केली, दुःखावर दुःख येऊ दिलं नाही" अशा अर्थाचं लिहिलं. यातल्या कुणालाही त्याने अल्पविश्वासी म्हटलेलं नाही. त्याच्या स्वतःच्या देहातल्या काट्यासाठी, म्हणजे कायमच्या पीडेसाठी, त्याने तीनदा विनवणी केली, आणि काटा राहिला. उत्तर आलं ते कृपेचं. शिवाय त्याच्या जवळच्या सोबत्यांत लूक होता, "प्रिय वैद्य". ज्या मंडळीच्या पहिल्या पिढीत वैद्य इतका जवळचा होता, तिथे डॉक्टरकडे जाणं हा अविश्वास ठरवण्याचा अधिकार कुणाला कुठून मिळाला?

याकोबाच्या पत्रातलं पाचव्या अध्यायातलं वचन यावर लगेच पुढे केलं जातं: कोणी आजारी असेल तर मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. ते करावंच. कॅथोलिक परंपरेत आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाचा संस्कार याच वचनावर उभा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर तो केवळ शेवटच्या घटकेसाठी न ठेवता गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेआधी, वार्धक्यातही घेता येतो. अनेक घरांत अजून फादरांना इतक्या उशिरा बोलावतात की आजाऱ्याला त्याचा अर्थ समजण्याची शुद्ध राहिलेली नसते. "फादर आले म्हणजे आता संपलं" ही भीती त्याच्या मुळाशी आहे. शस्त्रक्रियेची तारीख ठरली की त्याच दिवशी चर्चमध्ये कळवलं, तर ही भीती जाते. पण याकोबाच्या वचनात मागणी आहे, करारनामा नाही. मागणारा देवावर सोपवतो. हमी देणारा देवाच्या वतीने सही करतो.

चमत्कार होतात की नाही, असा सवाल इथे विचारला जाईल. मी त्यांना नाकारत नाही. पण चमत्काराचा दावा तपासण्याची चर्चची स्वतःची शिस्त किती कडक आहे ते पाहावं. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थस्थळी १८५८ पासून लोक बरं होण्याच्या आशेने जातात. तिथल्या वैद्यकीय कार्यालयात बरं झाल्याचे सात हजारांहून अधिक दावे नोंदले गेले. त्यांतून चमत्कार म्हणून मान्य झालेले सत्तरच्या थोडेच पुढे आहेत. आजार गंभीर हवा, निदान पक्कं हवं, बरं होणं अचानक, संपूर्ण आणि टिकाऊ हवं, आणि त्याचं श्रेय चालू उपचाराला देता येता कामा नये. अशी तपासणी वर्षानुवर्षं चालते. मग आपल्याकडे रविवारी गाठ "विरघळली" आणि पुढच्या रविवारी साक्ष, ही घाई कशासाठी? साक्षीआधी डॉक्टरांचा कागद आणि काही महिन्यांचा अवधी, एवढा साधा नियम प्रत्येक मंडळीला करता येईल. त्याने देवाचं काही उणं होत नाही. उलट, साक्ष दिल्यानंतर आजार उलटलेल्या माणसाला तोंड लपवून घरी बसावं लागत नाही.

पापाचा हिशेब मांडणाऱ्यांना उत्तर द्यायला स्वतः येशूने दोनदा तोंड उघडलं आहे. जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा जण मेले, ते यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा अधिक अपराधी होते का? नाही, असं तो ठामपणे सांगतो, आणि मग ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाकडे वळवतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली आणि लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे दहा हजार माणसं गेली. तेव्हाही कोपाच्या, शिक्षेच्या गोष्टी सांगितल्या गेल्या, सगळ्याच धर्मांत. माणसं मेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद अंगावर आल्यामुळे. दगड एकमेकांत सांधलेले नव्हते, भिंती बाहेर फुगल्या आणि छत खाली आलं. हे कारण कळलं म्हणून पुढची घरं वेगळी बांधता आली. शिक्षेची गोष्ट सांगून एकही भिंत मजबूत झाली नसती.

निर्दोष असून सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचं बायबलमधलं पुस्तक या सगळ्याचा पाया आहे, आणि मंडळीत ते फार वरवर वाचलं जातं. पहिले दोन अध्याय आणि शेवटची भरपाई, एवढंच बहुतेकांना ठाऊक. मधले जवळजवळ चाळीस अध्याय वादाचे आहेत. अलीफज, बिल्दद, सोफर हे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तेवढंच त्यांचं काम चांगलं झालं. तोंड उघडल्यावर त्यांनी जे सांगितलं ते आपल्या प्रवचनांत सर्रास ऐकू येतं: देव न्यायी आहे, म्हणजे तुझ्यातच काही तरी असणार. ईयोब मात्र देवाशी भांडतो, जन्मदिवसाला शाप देतो, खटला मागतो. आणि बेचाळिसाव्या अध्यायात देव निकाल देतो: या मित्रांनी माझ्याविषयी नीट सांगितलं नाही, माझा सेवक ईयोब नीट बोलला. देवाची बाजू लावून धरणाऱ्यांवर देव संतापला आणि त्याच्यावर आरोप करणाऱ्याला त्याने खरा म्हटलं. हे वाक्य ज्याने मनापासून वाचलं, तो आजाऱ्याच्या खाटेशी पुन्हा देवाची वकिली करायला जाणार नाही.

इथून विलापाकडे येतो. दीडशे स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्शाच्या आसपास स्तोत्रं विलापाची आहेत. आपल्या रविवारच्या गाण्यांत हे प्रमाण किती? बहुतेक ठिकाणी जवळपास शून्य. स्तुती, आभार, विजय, पुन्हा स्तुती. ज्या बाईचं मूल गेल्या आठवड्यात पुरलं, तिने या ओळी कशा म्हणायच्या? ती ओठ हलवते किंवा यायचं बंद करते. बंद करते तेव्हा आपण म्हणतो, विश्वासात थंड झाली.

विलापाच्या स्तोत्राला एक घडण असते, आणि तेराव्या स्तोत्राच्या सहा ओव्यांत ती सबंध दिसते. पहिल्या दोन ओव्यांत तक्रार आहे. "कोठवर" हा प्रश्न चारदा येतो. पुढच्या दोनांत मागणी: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, नाही तर मी मरणनिद्रेत जाईन. शेवटच्या दोनांत भरवसा आणि गाण्याचं वचन. म्हणजे देवाला हाक मारायची, दुखणं नेमक्या शब्दांत सांगायचं, काय हवं ते मागायचं, आणि जमेल तेवढा भरवसा बोलून दाखवायचा. जमेल तेवढा हे मुद्दाम म्हणतो, कारण अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तेही जमलेलं नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. ज्यांनी पवित्र शास्त्राचा संग्रह केला त्यांनी त्याला आनंदी शेवट जोडला नाही, गाळलंही नाही. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलं ते बाविसावं स्तोत्र, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" देवाच्या पुत्राने जे म्हटलं ते मंडळीतल्या एखाद्या विधवेने म्हटलं तर त्याला अविश्वास कसं म्हणणार?

विलापाची उपासना घ्यायची तर ती साधी ठेवावी. महिन्यातून एकदा, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, रविवारच्या मुख्य उपासनेखेरीज. एक विलापस्तोत्र दोनदा सावकाश वाचावं, दोन वाचनांमध्ये पाच मिनिटं शांतता ठेवावी. ही पाच मिनिटं चालवणाऱ्यालाच सगळ्यात जड जातात आणि तो तिसऱ्याच मिनिटाला पेटी सुरू करतो. म्हणून समोर घड्याळ ठेवावं. मग ज्याला हवं त्याने आपली तक्रार एका कागदावर लिहावी. कागद कुणी वाचू नये. प्रवचन नको, वचनावर पाच-सात मिनिटांचं बोलणं पुरे. शेवटी प्रभूची प्रार्थना म्हणून लोकांना मोकळं करावं. हमखास बिघडतं ते एकाच ठिकाणी: पाळक किंवा गायकगट शेवटी मोठ्या विजयाच्या गाण्याने सगळं "वर" आणू पाहतात आणि आधीच्या अर्ध्या तासावर पाणी पडतं. ज्याच्या मनात भरवशाची ओवी अजून उमटली नाही त्याला ती उसनी म्हणायला लावू नये. दुसरा धोका गुप्ततेचा. प्रार्थनाविनंतीच्या नावाखाली आजाराचं नाव, घरातली भांडणं, एखाद्या मुलीची मानसिक अवस्था व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर जाते. एचआयव्हीच्या बाबतीत तर संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करणं २०१७ च्या कायद्याने निषिद्ध आहे. नाव न घेता "आपल्यातल्या एका कुटुंबासाठी" एवढं म्हटलं तरी देवाला पत्ता ठाऊक असतो.

विलापाने विश्वास खचेल, असा आक्षेप जुनी माणसं घेतात. त्यांची भीती खरी आहे. तक्रारीत रुतून बसलेली माणसं त्यांनी पाहिलेली असतात. पण विलाप देवाच्या तोंडावर केला जातो. तक्रार करणारा अजून बोलतोय, म्हणजे ऐकणारा आहे असं धरून चाललाय. बोलणंच थांबवलेल्या माणसाची काळजी करावी. यिर्मयाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विलापगीतांत पाच अध्याय आणि १५४ ओव्या आहेत, आणि परमेश्वराची दया रोज सकाळी नवी होते ही सगळ्यांच्या परिचयाची ओवी त्यांच्या मधोमध येते. तिच्या मागेही पडझड आहे आणि पुढेही आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती एकटी छापली जाते तेव्हा ज्या जळालेल्या शहरात ती उच्चारली गेली ते शहर कापून टाकलेलं असतं.

आता वेदनेबद्दल, देहाच्या वेदनेबद्दल. सिसिली सॉन्डर्स या ख्रिस्ती श्रद्धेच्या बाईंनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर हॉस्पिस, म्हणजे मरणाला टेकलेल्या रुग्णांच्या शुश्रूषेचं ठिकाण, सुरू केलं. परिचारिका, समाजसेविका आणि मग डॉक्टर अशा तिन्ही वाटांनी त्या मरणोन्मुखांपर्यंत पोचल्या होत्या. त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी की दुखणं एकाच जागी नसतं: शरीराचं, मनाचं, नात्यांचं-पैशाचं आणि आत्म्याचं दुखणं एकमेकांत गुंतलेलं असतं आणि एकाकडे दुर्लक्ष झालं की बाकीची वाढतात. कर्जाची चिंता असलेल्या माणसाची पाठ अधिक दुखते. उलटही खरं: हाडात पसरलेल्या कॅन्सरने तळमळणाऱ्या माणसाकडून प्रार्थनेत लक्ष लागण्याची अपेक्षा करणं निर्दयपणाचं आहे. आधी दुखणं उतरवा, मग बोला. भारतातलं पहिलं हॉस्पिस १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला उघडलं, शांती आवेदना सदन, डॉ. लुईस डिसूझा यांच्या पुढाकाराने. तिथली सेवा विनामूल्य आहे, आणि पुढे गोव्यात नि दिल्लीतही त्यांची केंद्रं झाली. पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं अशाच शुश्रूषेचं केंद्र १९९७ पासून चालतं, तेही विनामूल्य. किती पाळकांना, किती फादरांना हे पत्ते ठाऊक आहेत?

मॉर्फिनबद्दलची भीती तर मंडळीतच जास्त आढळते. "नशा आहे, व्यसन लागेल, शेवटची शुद्ध जाईल." जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या वेदनेसाठी पायऱ्यांची पद्धत घालून दिली: आधी पॅरासिटामॉलसारखी औषधं, मग सौम्य अफूजन्य, मग मॉर्फिन; शक्यतो तोंडाने, आणि घड्याळाच्या ठोक्यावर. घड्याळाचा भाग महत्त्वाचा. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा परिणाम चारएक तास टिकतो, म्हणून ती दर चार तासांनी द्यायची असते. घरचे लोक काय करतात? "फारच दुखलं तर देऊ" म्हणून थांबतात. मग वेदना शिगेला पोचते, तिला खाली आणायला जास्त औषध लागतं, आजारी माणूस पुढच्या गोळीची वाट पाहत राहतो, आणि तीच वाट पाहणं व्यसनासारखं दिसतं. मात्रा डॉक्टर ठरवतील आणि वाढवतील; तिच्याशी घरच्यांनी खेळू नये. दुसरी चूक बद्धकोष्ठाची: मॉर्फिनबरोबर जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासून चालू नसेल तर चार-पाच दिवसांत पोट गच्च होतं आणि "हे औषध सोसत नाही" म्हणून गोळी बंद होते. गुंगी बहुधा पहिल्या काही दिवसांत ओसरते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातल्या जाचक परवान्यांमुळे हे औषध दुर्मीळ झालं होतं. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सोपे झाले, तरी ते सगळ्या जिल्ह्यांत सहज मिळतं असं नाही. त्यामुळे मॉर्फिन मिळण्याचं सर्वांत जवळचं ठिकाण कोणतं, हे आधीच शोधून ठेवणं हे मंडळीच्या सेवासमितीचं काम आहे.

यावर कुणी म्हणेल, येशूने वधस्तंभावर चढवण्याआधी दिलेला गंधरस मिसळलेला द्राक्षारस नाकारला, मग आपण का घ्यायचा? त्याने स्वतःपुरता नाकारला. दुसऱ्या कुणालाही आपल्या वेदना वाढवून घ्यायला त्याने सांगितलं नाही. त्याच्यापुढे आलेल्या प्रत्येकाची वेदना त्याने कमीच केली. त्याने सांगितलेल्या दृष्टान्तातल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या परक्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, जनावरावर घालून उतारशाळेत नेलं आणि पुढच्या खर्चासाठी दोन दिनार मोजले. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात मरणाला टेकलेल्याला मद्य द्यायला सांगितलंय. पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्ये स्पष्ट केलं की वेदनाशामक औषध देणं योग्य आहे, त्याने आयुष्य थोडं कमी होण्याची शक्यता असली तरी, उद्देश मारण्याचा नसेल तर. दुःख सोसण्यात एक पवित्र सहभाग असतो हे मी मानतो. पण तो ज्याचा त्याने स्वीकारायचा असतो. दुसऱ्याच्या गोळीवर हात ठेवून त्याला संत करता येत नाही.

आशा म्हणजे काय, हे पाहायला मराठी माणसाने पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या आश्रमात, जावं. पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७० च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीने गेले, बहीणही गेली. पुढे भाऊ गेला, आणि लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत १८८२ मध्ये नवरा पटकीने गेला. पुढे १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांत त्यांनी मध्य प्रांतातून, गुजरातेतून शेकडो मुली आणि विधवा केडगावला आणल्या. त्यांच्यासाठी विहिरी खणल्या, शेती केली, शाळा काढली, छापखाना, विणकाम, तेलाचा घाणा असे उद्योग उभे केले. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्याआधी गेली. त्या वेळी हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचं त्यांचं काम चालू होतं. ते चालूच राहिलं, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. या आयुष्यात "सगळं ठीक झालं" असा एकही टप्पा नाही. भूक काय असते हे माहीत असलेल्या बाईने विहीर आधी खणली, हे मला त्यांच्या कोणत्याही साक्षीपेक्षा मोठं वाटतं. नारायण वामन टिळकांच्या मागे अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे येशूच्या जीवनावरचं काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, तेही याच जातीचं काम. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारलं, तेव्हा प्रार्थना आणि शस्त्रक्रिया यांत त्यांना एकाची निवड करावी लागली नव्हती.

मग ख्रिस्ती आशा म्हणजे चांगली समाजसेवा आणि सोबत, एवढीच का? नाही, आणि इथे मला दुसऱ्या बाजूच्या मित्रांशीही वाद घालायचा आहे. पुनरुत्थान काढून टाकलं तर हे सगळं उत्तम, पण ते ख्रिस्ती राहत नाही. पौल करिंथकरांना बजावतो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. आशेचा विषय हा देह आणि ही सृष्टी आहे, जी रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात प्रसूतिवेदनांत कण्हते आहे. उठलेल्या ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते. थोमाला त्याने तेच दाखवले. म्हणजे दुःख घडलंच नाही असं देवाने केलं नाही. ते सोसलेल्या देहालाच उठवलं. म्हणून मरणाला टेकलेल्या माणसाला खोटी तारीख न देताही आशा सांगता येते. "तुम्ही उठून चालाल" हे वचन या महिन्याचं नसतं, पण ते असतं. थेस्सलनीकाकरांना पौल सांगतो की आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका. त्यातला "शोक करू नका" एवढाच तुकडा मयताच्या घरी ऐकवला जातो. शोक करा, पण आशा असलेल्यांसारखा, असं ते वाक्य आहे. मेलेल्या मित्राला, लाजराला, आपण थोड्या वेळात उठवणार हे माहीत असूनही येशू त्याच्या कबरेपाशी रडला.

भेटीला जाणाऱ्यांसाठी काही नेमकं. आधी फोन करावा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या काळात सर्दी-खोकला असलेल्याने जाऊच नये, बाकीच्यांनी साबणाने हात धुवावेत, फुलं नेऊ नयेत. वीस मिनिटं पुरे. उभं राहून बोलू नये, खुर्ची खाटेच्या उंचीला आणावी, म्हणजे आजाऱ्याला मान वर करावी लागत नाही. प्रार्थना करू का, असं विचारावं, आणि "आज काय मागू?" हेही. उत्तर बऱ्याचदा अनपेक्षित असतं: झोप लागावी, मुलाचं शिक्षण, संडासला साफ व्हावं. तेच मागावं. डोक्यावर हात ठेवण्याआधी परवानगी घ्यावी. सलाइनच्या हाताला धक्का लावू नये. डॉक्टर, आहार, काढे, दुसऱ्या कुणाचा आजार कसा बरा झाला, यातलं काही सांगू नये. निघताना पुन्हा कधी येणार तो वार सांगावा आणि त्या वारी जावं. न पाळलेला वार न आलेल्या माणसापेक्षा जास्त दुखावतो. आजाऱ्याची शुश्रूषा करणारी व्यक्ती बहुधा घरातली एखादी सूनबाई, मुलगी किंवा पत्नी असते, आणि तिच्यासाठी कुणी प्रार्थना करत नाही. आठवड्यातून एकदा तीन तास कुणी आजाऱ्याजवळ बसलं तर ती डोळे मिटू शकते. मंडळीत दहा कुटुंबं असतील तर हे वेळापत्रक आरामात बसतं.

दफनानंतर पहिले आठ दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. खरी पोकळी तिसऱ्या महिन्यात जाणवते, सगळे आपापल्या कामाला लागल्यावर. म्हणून दफनाच्या नोंदवहीतून तारखा काढून तिसरा महिना, गेलेल्याचा वाढदिवस, पहिला नाताळ आणि वर्ष, या दिवशी कोण जाणार हे आधीच लिहून ठेवावं. रमाबाईंच्या केडगावापासून वसईच्या पॅरिशपर्यंत नोंदवह्या उत्तम ठेवण्याची आपली परंपरा आहेच. तिचा उपयोग जिवंत माणसांसाठी व्हावा.

सगळ्यात अवघड घर आत्महत्येचं. तिथे अजूनही कुजबुज होते, घंटा वाजवायची की नाही यावर चर्चा होते, दफनभूमीतली कोपऱ्यातली जागा सुचवली जाते. कॅथोलिक चर्चच्या १९१७ च्या कायदेसंहितेत जाणूनबुजून केलेल्या आत्महत्येनंतर ख्रिस्ती दफन नाकारण्याची तरतूद होती. १९८३ च्या संहितेतून ती गेली, आणि चर्चचा धर्मशिक्षणाचा ग्रंथ सांगतो की अशा माणसांच्या तारणाविषयी निराश होऊ नये. भारताचा २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखालचा माणूस धरतो, गुन्हेगार धरत नाही. तेव्हा दफन इतरांसारखंच व्हावं, त्याच जागेत, त्याच गाण्यांनी, आणि प्रवचनात कारणांची चिकित्सा नको. पद्धतीचे, साधनांचे तपशील मंडळीत चघळले जाऊ नयेत. त्या घरी पहिला महिना कुणी तरी रोज जावं, कारण आत्महत्येने माणूस गेलेल्या घरात दुसऱ्या आत्महत्येचा धोका वाढलेला असतो, आणि मागे राहिलेल्यांना "मनात मरायचे विचार येतात का?" असं सरळ विचारावं. विचारल्याने ते विचार मनात पेरले जात नाहीत, बोलायला वाट मिळते. केंद्र सरकारचा टेली-मानस हा मानसिक आरोग्यासाठीचा १४४१६ मदतक्रमांक चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीतही बोलता येतं. तो चर्चच्या सूचनाफलकावर, उपासनेच्या वेळांच्या शेजारी, याच रविवारी लावता येईल.